फ्लोरिजेन

फ्लोरिजेन हे सपुष्प वनस्पतींच्या पानांत तयार होणारे, रसवाहिन्यांतून खोडाच्या शेंड्यापर्यंत जाणारे आणि तेथे पानांऐवजी फुले निर्माण होण्यास चालना देणारे संप्रेरक आहे. ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीत एफटी या जनुकापासून तयार होणारे प्रथिन आणि भातात एचडी३ए हे त्याचे समरूप प्रथिन ही फ्लोरिजेनची सर्वाधिक अभ्यासलेली उदाहरणे होत. फ्लोरिजेनची संकल्पना १९३०च्या दशकात मांडली गेली. तो पदार्थ नेमका कोणता हे मात्र २००७ साली सिद्ध झाले. मधल्या सत्तर वर्षांत फ्लोरिजेन त्याच्या परिणामांवरून ठाऊक होते, पण हाती लागत नव्हते. वनस्पतिशास्त्रातील इतर प्रमुख संप्रेरके अर्कातून वेगळी काढून ओळखली गेली. फ्लोरिजेनची ओळख मात्र जनुकशास्त्राच्या मार्गाने पटली, आणि तीही एक गाजलेला शोधनिबंध मागे घेतला गेल्यानंतर.

नाव

लॅटिन भाषेतील ‘फ्लोरा’ म्हणजे फूल आणि ग्रीक भाषेतील ‘जेन’ म्हणजे निर्माण करणारे या दोन घटकांपासून हा शब्द बनला आहे. सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल चैलाख्यान (१९०२–१९९१) यांनी तो रूढ केला. काही मराठी लेखनात यासाठी ‘पुष्पन संप्रेरक’ असाही शब्दप्रयोग आढळतो.

दिनमान आणि फुलोरा

बहुतेक वनस्पती वर्षाच्या ठरावीक काळातच फुलतात. त्यांना ऋतू कसा कळतो, या प्रश्नाचे उत्तर तापमान, जमिनीतील ओल किंवा झाडाचे वय यांत शोधले जात असे. जर्मन शास्त्रज्ञ यूलियस झाक्स यांनी १८६०च्या दशकात एक वेगळे निरीक्षण नोंदवले होते. वेलीचा शेंडा अंधाऱ्या पेटीत ठेवला आणि पाने उजेडात राहू दिली, तर अंधारातील शेंड्यावरही फुले येतात. त्यावरून पानांत अगदी अल्प प्रमाणात ‘फुले घडवणारा पदार्थ’ तयार होत असावा, असा तर्क त्यांनी केला. त्या काळी तो फारसा कोणी पुढे नेला नाही.

फ्रान्समध्ये झ्युलियँ तूर्न्वा यांनी १९१२ ते १९१४ या काळात हॉप्स व अंबाडीवर्गीय दिसणाऱ्या भांग या वनस्पतींवर प्रयोग केले. दिवसातून काही तासच उजेड मिळाला, तर ही रोपे लवकर फुलतात असे त्यांना आढळले. दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणे हे कारण असावे, असा अंदाजही त्यांनी नोंदवला. पहिल्या महायुद्धात १९१४ मध्येच त्यांचा मृत्यू झाला आणि ते काम तेथेच थांबले.

या विषयाला पक्का पाया मिळाला तो अमेरिकेच्या कृषी विभागातील वाइटमन गार्नर आणि हॅरी अलार्ड यांच्या १९२० सालच्या निबंधामुळे. ‘मेरीलँड मॅमथ’ हा तंबाखूचा वाण उन्हाळ्यात शेतात प्रचंड वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात तो हरितगृहात ठेवला की लहान असतानाच फुले. ‘बिलॉक्सी’ सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरले तरी सर्व रोपे जवळजवळ एकाच सुमारास फुलत. गार्नर व अलार्ड यांनी तापमान, खते, ओलावा असे एकेक घटक तपासून बाद केले आणि शेवटी उन्हाळ्यात रोपे रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन दिवस कृत्रिमरीत्या लहान केला. तंबाखू फुलला. वनस्पतींच्या या गुणधर्माला त्यांनी जे नाव दिले, त्यासाठी मराठीत ‘प्रकाशकालिता’ हा शब्द वापरता येतो. लहान दिवसांत फुलणाऱ्या (शेवंती, भात, तंबाखूचे काही वाण), मोठ्या दिवसांत फुलणाऱ्या (पालक, गहू, ॲराबिडॉप्सिस) आणि दिनमानाशी संबंध नसलेल्या अशा वनस्पतींच्या तीन गटांची वर्गवारी येथूनच सुरू झाली.

पुढे १९३८ मध्ये कार्ल हॅम्नर व जेम्स बॉनर यांनी झँथियम या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग करून दाखवले की वनस्पती दिवसाची नव्हे तर सलग अंधाराची लांबी मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी झँथियमचे फुलणे टळते. शेवंतीच्या शेतात आणि पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून फुले सणाच्या तारखेपर्यंत लांबवण्याची आजची पद्धत याच तत्त्वावर चालते.

चैलाख्यान यांचे प्रयोग

दिनमान पानाला कळते, शेंड्याला नव्हे, हे अमेरिकेत जेम्स नॉट यांनी १९३४ मध्ये पालकावर दाखवले होते. चैलाख्यान यांनी शेवंती निवडली. रोपाच्या वरच्या भागावरील पाने त्यांनी काढून टाकली व खालच्या भागावरील तशीच ठेवली. खालच्या पानांना लहान दिवस आणि वरच्या निष्पर्ण भागाला मोठा दिवस दिला असता रोप फुलले. उलट केले, म्हणजे पानांना मोठा दिवस व शेंड्याला लहान दिवस दिला, तेव्हा रोप फुलले नाही. संदेश पानात निर्माण होतो आणि शेंड्याकडे प्रवास करतो, याशिवाय दुसरा अर्थ या निकालातून निघत नव्हता. हा संदेश म्हणजे एक संप्रेरक आहे, असे मानून त्यांनी त्याला फ्लोरिजेन म्हटले.

त्या काळच्या सोव्हिएत संघात असा दावा करणे जोखमीचे होते. त्रोफीम लायसेन्को यांचा वनस्पतींच्या ‘टप्प्यांच्या विकासा’चा सिद्धान्त राजमान्य होता आणि संप्रेरकांच्या कल्पनेला त्यात जागा नव्हती. लायसेन्कोच्या समर्थकांचा विरोध चैलाख्यान यांना दीर्घकाळ सहन करावा लागला. तरीही त्यांनी हा विषय सोडला नाही आणि आयुष्याच्या उत्तरार्धातही फ्लोरिजेनवर प्रयोग करत राहिले.

कलमांचा पुरावा

फ्लोरिजेन अस्तित्वात आहे याचा सर्वांत भक्कम पुरावा कलमांतून मिळाला. अनुकूल दिनमानात ठेवलेल्या रोपाचे एक पान न फुललेल्या रोपावर कलम केले असता ते रोप प्रतिकूल दिनमानातही फुलते. यान झेवार्ट यांनी १९५०च्या दशकात पेरिला या वनस्पतीचे एकच पान एका रोपावरून काढून दुसऱ्यावर, नंतर तिसऱ्यावर असे क्रमाने कलम केले व प्रत्येक रोपाला फुले आणली. म्हणजे एकदा ‘प्रवृत्त’ झालेले पान दीर्घकाळ संदेश पाठवत राहते.

यापेक्षाही आश्चर्याची गोष्ट अशी की हा संदेश प्रकारांची आणि जातींची सीमा ओलांडतो. लहान दिवसात फुलणाऱ्या वनस्पतीच्या पानाने मोठ्या दिवसात फुलणारी वनस्पती फुलवता येते आणि याच्या उलटही घडते. जर्मनीत गेओर्ग मेल्खर्स व अँटन लांग यांनी खुरासनी ओवा आणि तंबाखू या दोन वेगळ्या प्रजातींच्या वनस्पतींमध्ये अशी कलमे केली. याचा अर्थ, दिनमान ओळखण्याची रीत वेगवेगळी असली तरी शेवटी पाठवला जाणारा संदेश एकच किंवा एकसारखा आहे.

कलम जिवंत ऊतींनी जुळल्याशिवाय हा परिणाम होत नाही. साल काढून रसवाहिन्या तोडल्या तर संदेश थांबतो. जपानी मॉर्निंग ग्लोरी या वेलीला फुलण्यासाठी एकच लांब रात्र पुरते. रात्र संपताच तिची पाने (येथे बीजपत्रे) खुडली तर ती फुलत नाही, पण काही तासांनी खुडली तर फुलते. तेवढ्या वेळात संदेश पानाबाहेर पडलेला असतो.

काही वनस्पतींत मात्र संदेश एकदा पोचून भागत नाही. गौरीच्या सणामुळे महाराष्ट्रात परिचित असलेला तेरडा याचे उत्तम उदाहरण आहे. लहान दिवसात फुलू लागलेले तेरड्याचे विशिष्ट लाल वाण पुन्हा मोठ्या दिवसात ठेवले, तर अर्धवट घडलेल्या फुलाचा शेंडा उलट फिरतो आणि पाकळ्यांच्या आत पुन्हा पाने येऊ लागतात. तेरड्याच्या पानांकडून संदेशाचा पुरवठा सतत चालू राहावा लागतो, असे निक बॅटी व सहकाऱ्यांच्या ब्रिटनमधील अभ्यासांतून दिसून आले.

अर्काचा निष्फळ शोध

ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन ही संप्रेरके विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्यात अर्क काढून, शुद्ध करून व रासायनिक रचना ठरवून ओळखली गेली होती. फ्लोरिजेनही असेच सापडेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. फुललेल्या रोपांच्या पानांचे अर्क काढून ते न फुललेल्या रोपांना लावण्याचे असंख्य प्रयत्न झाले. १९६१ मध्ये झँथियमच्या अर्काने फुले आल्याचे वृत्त आले, पण अशा निष्कर्षांची खात्रीशीर पुनरावृत्ती करता आली नाही. जिबरेलिन फवारल्यावर मोठ्या दिवसात फुलणाऱ्या काही वनस्पती फुलतात हे लांग यांनी १९५७ मध्ये दाखवले; लहान दिवसात फुलणाऱ्या वनस्पतींवर मात्र त्याचा तसा परिणाम होत नसल्याने जिबरेलिन म्हणजेच फ्लोरिजेन असे म्हणता येईना.

अपयश वाढत गेले तसा संकल्पनेवरील विश्वास कमी झाला. फुलोरा एका पदार्थाने नव्हे तर शर्करा, सायटोकायनिन, जिबरेलिन अशा अनेक घटकांच्या संतुलनाने ठरतो, असे बेल्जियममधील जॉर्ज बेर्निए यांच्यासारखे संशोधक मांडू लागले. काहींना तर फ्लोरिजेन ही निव्वळ कल्पना वाटू लागली होती.

मागे वळून पाहता अपयशाचे कारण उघड आहे. शोधणाऱ्यांनी लहान, टिकाऊ रेणूची अपेक्षा धरली होती आणि मिथेनॉलसारख्या विद्रावकांत अर्क काढले होते. अशा अर्कात प्रथिनांची घडण नष्ट होते. ऑक्झिनच्या एका रेणूचे वस्तुमान १७५ डाल्टन आहे. एफटी प्रथिनात १७५ अमिनो आम्ले असून त्याचे वस्तुमान सुमारे २०,००० डाल्टन भरते. शिवाय प्रथिन पानावर चोळल्याने पेशीत शिरत नाही. कलम हाच त्याला दुसऱ्या रोपात पोचवण्याचा नैसर्गिक मार्ग होता.

उत्परिवर्ती रोपांपासून जनुकांपर्यंत

ॲराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातील लहानशी वनस्पती मोठ्या दिवसांत लवकर फुलते. जॉर्ज रेडेई यांनी १९६२ मध्ये तिची काही अशी उत्परिवर्ती रोपे वर्णिली, जी मोठ्या दिवसातही उशिरा फुलत. त्यांपैकी एकाचे नाव ‘कॉन्स्टन्स’ (सीओ). नेदरलँड्समधील मार्टन कोर्नेफ व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये उशिरा फुलणाऱ्या अनेक उत्परिवर्ती रोपांची पद्धतशीर मांडणी केली. एफटी आणि एफडी ही नावे त्यात आहेत. त्या वेळी या दोन जनुकांना विशेष महत्त्व होते असे नाही.

सीओ जनुक १९९५ मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथे जॉर्ज कूपलँड यांच्या गटाने वेगळे केले. १९९९ मध्ये एफटी जनुक दोन गटांनी एकाच वेळी वेगळे केले. एक गट अमेरिकेत डेटलेफ वायगेल यांचा, तर दुसरा जपानमध्ये ताकाशी अराकी यांचा होता. सीओ प्रथिन एफटी जनुकाला चालू करते आणि हे सर्व पानातील रसवाहिन्यांच्या सहपेशींत घडते, हे पुढील काही वर्षांत स्पष्ट झाले.

२००५ मध्ये कोड्याचा दुसरा भाग समोर आला. एफटी प्रथिन ज्या एफडी या प्रथिनाशी जोडले जाऊन काम करते, ते शेंड्यातील विभाजी ऊतीत असते, असे अराकी यांच्या व वायगेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. एफटीचे जनुक पानात चालू होते आणि त्याचा जोडीदार शेंड्यात असतो. मग या दोहोंच्या मधले अंतर कोण पार करते?

मागे घेतलेला निबंध

त्याच वर्षी स्वीडनमधील उमिओ येथील एका गटाचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ॲराबिडॉप्सिसच्या एकाच पानाला उष्णता देऊन त्यात एफटी जनुक चालू करण्यात आले होते आणि काही काळाने त्याचा संदेशवाहक आरएनए शेंड्यात आढळल्याचे त्यात म्हटले होते. म्हणजे फ्लोरिजेन हा आरएनए आहे, असा निष्कर्ष निघत होता. ‘सायन्स’ने त्या वर्षीच्या महत्त्वाच्या शोधांच्या यादीत फुलोऱ्यावरील या संशोधनाचा समावेश केला. पाठ्यपुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत ते शिरू लागले.

मात्र त्याच प्रयोगशाळेत प्रयोग पुन्हा केले असता निकाल जुळेनात. मूळ आकडेवारी तपासल्यावर आढळले की विश्लेषणात काही मोजमापे वगळली होती व काहींना वेगळे वजन दिले होते. सर्व मोजमापे योग्य रीतीने धरली तर आरएनएच्या प्रवासाचा पुरावा उरत नव्हता. एप्रिल २००७ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. प्रथम लेखकाची त्याला संमती नव्हती. या प्रकरणात नोंद घेण्याजोगी गोष्ट ही की चूक बाहेरच्या कोणी उघड केली नाही, ती गटानेच शोधून जाहीर केली. एफटी हे फ्लोरिजेनच्या केंद्रस्थानी आहे हा त्या निबंधातील भाग चुकीचा नव्हता. प्रवास करतो तो रेणू कोणता, एवढाच मुद्दा चुकला होता; पण प्रश्नही तोच होता.

प्रथिनाच्या प्रवासाचा पुरावा

मे २००७ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. जर्मनीतील कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेत कूपलँड यांच्या गटाने ॲराबिडॉप्सिसवर, तर जपानमधील नारा येथे को शिमामोतो यांच्या गटाने भातावर काम केले होते. दोघांनीही फ्लोरिजेनच्या प्रथिनाला हिरवा प्रकाश देणारे जीएफपी हे प्रथिन जोडले, जेणेकरून ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसावे.

कूपलँड यांच्या गटाने असे जनुक सहपेशींतच चालू होईल अशी व्यवस्था केली. हिरवी चमक रसवाहिन्यांत दिसली आणि नंतर शेंड्याच्या तळाशीही दिसली; त्याचा आरएनए मात्र शेंड्यात आढळला नाही. मग हे रोप एफटी नसलेल्या उत्परिवर्ती रोपाशी कलम केले. चमकणारे प्रथिन कलमाचा सांधा ओलांडून पलीकडे गेले आणि ते रोप लवकर फुलले. या मालिकेतील एक प्रयोग विशेष बोलका आहे. पानाच्या अगदी बारीक शिरांतच एफटी निर्माण केले तर रोप लवकर फुलते, पण तेथेच जीएफपी जोडलेले एफटी निर्माण केले तर फुलत नाही. दोन्ही वेळा आरएनए तयार होतो. फरक पडतो तो प्रथिनाच्या आकारात, कारण मोठे झालेले प्रथिन त्या शिरांतून बाहेर पडू शकत नाही. प्रवास आरएनएचा असता तर दोन्ही रोपांनी सारखाच प्रतिसाद दिला असता.

शिमामोतो यांच्या गटाने भातात एचडी३ए प्रथिनाची चमक पानाच्या शिरांपासून खोडाच्या वरच्या भागातून थेट शेंड्यातील विभाजी ऊतीपर्यंत दाखवली.

त्याच सुमारास आणखी काही पुरावे पुढे आले. एका प्रयोगात एफटीला अवजड शेपूट जोडून ते सहपेशींत अडकवून ठेवले गेले, रोप फुलेना. नंतर विशिष्ट विकराने ती शेपूट तोडून प्रथिन मोकळे केले, तेव्हा फुले आली. भोपळ्याच्या कुळातील वनस्पतींचा रस गोळा करणे सोपे असते. त्या रसात एफटीसारखे प्रथिन मिळाले, पण त्याचा आरएनए मिळाला नाही. टोमॅटोमध्ये इस्रायली संशोधकांनी २००६ मध्येच एफटीच्या समरूप जनुकाचा परिणाम कलमातून संक्रमित होतो, असे दाखवले होते. एवढ्या वेगवेगळ्या दिशांनी एकच उत्तर आल्यावर वाद मिटला.

कार्यपद्धती

दिवस लांब आहे की लहान, हे पान जैविक घड्याळ आणि प्रकाश यांचा मेळ घालून ओळखते. ही कल्पना एर्विन ब्युनिंग यांनी १९३६ मध्येच मांडली होती. ॲराबिडॉप्सिसमध्ये सीओ जनुकाचा आरएनए पहाटेनंतर साधारण बारा तासांनी वाढतो. दिवस लहान असेल तर तोवर अंधार पडलेला असतो आणि अंधारात सीओ प्रथिन तयार होताच नष्ट केले जाते. दिवस मोठा असेल तर संध्याकाळी अजून उजेड असतो; तो प्रकाशग्राही प्रथिनांमार्फत सीओला टिकवतो आणि सीओ एफटीला चालू करते. थंडीची गरज असलेल्या वनस्पतींत आणखी एक कुलूप असते. ॲराबिडॉप्सिसमधील एफएलसी हे प्रथिन एफटीला दाबून ठेवते व दीर्घ थंडीनंतरच त्याचा अंमल संपतो.

भातात हेच घटक उलट अर्थाने वापरले जातात. सीओचे भातातील समरूप एचडी१ हे लहान दिवसात एचडी३एला चालू करते, पण मोठ्या दिवसात दाबते. मोठ्या दिवसातही भात शेवटी निसवतो तो आरएफटी१ या दुसऱ्या फ्लोरिजेनमुळे. ही दोन्ही जनुके एकदम निष्क्रिय केलेली भाताची रोपे पेरणीनंतर ३०० दिवसांनीही निसवली नाहीत.

सहपेशीतून चाळणी नलिकेत शिरण्यासाठी एफटीला एफटीआयपी१ या प्रथिनाची मदत लागते, असे सिंगापूर येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. पुढचा प्रवास शर्करेच्या प्रवाहाबरोबर होतो. तापमानाचाही येथे संबंध येतो. थंडीत एफटी पेशीतील पटलांच्या एका विशिष्ट स्निग्ध घटकाला चिकटून राहते व ऊब आली की सुटते, असे कोरियातील गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले.

शेंड्याच्या पेशीत पोचलेले प्रथिन एकटे काम करत नाही. शिमामोतो यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की भातात एचडी३ए प्रथम पेशीद्रवात १४-३-३ या नावाच्या प्रथिनांना जोडले जाते, मग ही जोडी केंद्रकात जाऊन एफडीच्या समरूप प्रथिनाशी मिळते. तिन्हींचे प्रत्येकी दोन रेणू मिळून बनलेला हा सहा प्रथिनांचा संकुल डीएनएवर बसून फुलोऱ्याची जनुके चालू करतो. १४-३-३ प्रथिने येथे फ्लोरिजेनच्या ग्राहीचे काम करतात.

प्रतिफ्लोरिजेन

एफटीच्या कुळातच त्याचा प्रतिस्पर्धी आहे. टीएफएल१ हे प्रथिन रचनेने एफटीसारखेच असून एफडीशी जोडले जाते, पण फुलोरा रोखून धरते. दोन्ही प्रथिनांतील भेद इतका थोडा आहे की ठरावीक जागेचे एकच अमिनो आम्ल बदलल्यास रोधक प्रथिन प्रेरक बनते, असे २००५ मध्ये आढळले. फुलणे रोखणारा पदार्थही पानातून कलमाद्वारे जातो, हे लांग, चैलाख्यान व फ्रोलोवा यांनी १९७७ मध्ये तंबाखूच्या कलमांवरून दाखवले होते. सोव्हिएत व अमेरिकी प्रयोगशाळांच्या सहकार्याचे ते त्या काळातील एक दुर्मीळ फलित म्हणावे लागेल. शुगर बीटमध्ये तर एफटीच्या दोन प्रतींनी कामे वाटून घेतली आहेत. एक फुलवते, दुसरी थांबवते.

टोमॅटोची ठेंगणी, एकदम फळधारणा होणारी झुडपे या कुळातील ‘सेल्फ प्रुनिंग’ जनुकाच्या उत्परिवर्तनामुळे मिळाली आणि यंत्राने तोडणी करता येणारी टोमॅटोशेती त्यावर उभी राहिली. टोमॅटोच्या फ्लोरिजेन जनुकाची एक प्रत सदोष व एक चांगली असलेल्या संकरित झाडांचे उत्पन्न लक्षणीय वाढते, असे २०१० मध्ये दिसून आले.

फुलोऱ्यापलीकडे

फ्लोरिजेन हे नाव आता काहीसे अपुरे ठरले आहे. बटाट्यात एफटीचे एक समरूप प्रथिन (एसपी६ए) पानातून खाली जमिनीतील फांद्यांकडे जाते आणि तेथे कंद धरतो. २०११ मध्ये हे सिद्ध होण्यापूर्वी चैलाख्यान यांनी फुलावर आलेल्या तंबाखूचे कलम बटाट्याच्या खुंटावर करून कंद धरल्याचे नोंदवले होते. पॉप्लर वृक्षात हेच जनुक शरद ऋतूत वाढ थांबवून कळ्या मिटण्याची वेळही ठरवते.

कांद्यातही असेच आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कांद्यातील एफटीच्या एका प्रतीमुळे (एफटी१) कांदा पोसतो, दुसरी (एफटी४) पोसण्यास विरोध करते, तर एफटी२ थंडीनंतर फुलांचा दांडा आणते. शेतकरी ज्याला डेंगळे येणे म्हणतात, तो हा दांडा होय. पोसण्यासाठी प्रत्येक वाणाला दिनमानाची ठरावीक मर्यादा ओलांडली जावी लागते. नाशिक परिसरात वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. त्यामुळे चौदा-सोळा तासांच्या दिवसाची अपेक्षा असलेले युरोपीय वाण येथे लावले तर पात वाढत राहते, पण कांदा धरत नाही.

शेतीतील महत्त्व

कोणते पीक कोणत्या अक्षांशावर व हंगामात घेता येईल, हे बऱ्याच अंशी फ्लोरिजेन केव्हा तयार होते यावर ठरते. भाताचे अनेक जुने गरवे वाण दिनमानाला संवेदनशील आहेत. पेरणी मागेपुढे झाली तरी ते पाऊस ओसरण्याच्या सुमारासच निसवतात. पावसाच्या लहरीवर अवलंबून असलेल्या शेतीत हा गुण उपकारक होता, मात्र तेच वाण उन्हाळी हंगामात घेता येत नाहीत. १९६६ मध्ये आलेला आयआर ८ हा वाण दिनमानाला फारसा संवेदनशील नव्हता, त्यामुळे सिंचनाखाली वर्षातून एकापेक्षा अधिक पिके घेणे शक्य झाले. ज्वारी मुळात लहान दिवसात निसवणारी आहे. मोठ्या दिवसात तिच्यातील फ्लोरिजेन जनुकांना दाबणारे एमए१ हे जनुक २०११ मध्ये ओळखले गेले. त्याचे निष्क्रिय रूप असलेले वाण निवडले गेल्यानेच अमेरिकेसारख्या समशीतोष्ण प्रदेशात ज्वारीची दाण्यासाठी लागवड करता आली.

उसाच्या बाबतीत फुलोरा नकोसा असतो. दिवस साडेबारा तासांच्या आसपास असताना उसाच्या शेंड्याला चालना मिळते व पुढे तुरा बाहेर पडतो. तुरा आल्यावर कांड्यांची वाढ थांबते. ऊस तोडणीस उशीर झाल्यास कांड्यांत दशी पडून वजन व साखर उतारा घटतो. उलट नवे वाण तयार करणाऱ्यांना तुऱ्याखेरीज संकरच करता येत नाही. त्यामुळे जेथे उसाला चांगला तुरा येतो व बी धरते अशी ठिकाणे त्यासाठी निवडली जातात; वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे ऊस पैदास केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे आहे.

फळझाडे व वनवृक्षांच्या पैदाशीत पहिल्या फुलासाठी अनेक वर्षे थांबावे लागते. पॉप्लरमध्ये एफटी जनुक जादा प्रमाणात चालू केल्यावर एरवी वर्षानुवर्षे न फुलणारी रोपे काही आठवड्यांतच फुलली. सफरचंदासारख्या झाडांच्या पैदाशीचा कालावधी कमी करण्यासाठीही या जनुकाचा वापर प्रयोगादाखल केला गेला आहे.